वेगळं सूत

हिशेब सोपा होता. पिशवीतली अकरा छापील पानं वाचायची, दोनचार ठिकाणी हिरव्या शाईने खुणा करायच्या आणि सोमवारच्या आत परदेशातल्या नियतकालिकाला ‘ठीक आहे’ असं कळवायचं. डॉ. चंद्रा भोईर हिला करायचं होतं ते एवढंच. त्याच्या बदल्यात गुरुवारी बढतीच्या समितीपुढे बसताना तिच्या हातात संशोधन संस्थेतला त्या वर्षीचा सगळ्यात वजनदार निबंध असणार होता. दारावरच्या पाटीतला ‘सहयोगी’ हा शब्द गेली नऊ वर्षं तिला दाढेत अडकलेल्या तंतूसारखा सलत होता. तो निघून नुसतं ‘प्राध्यापक’ उरणार होतं. बॉयलरकडे उघडणाऱ्या खोलीऐवजी समुद्राकडे उघडणारी खोली मिळणार होती. तिची विद्यार्थिनी रुचिका परदेशातल्या प्रयोगशाळेत जायला सप्टेंबरात विमानात बसणार होती. आणि भिवंडीतला धाकटा भाऊ रघू गल्लीच्या तोंडाशी बहिणीच्या फोटोचा बॅनर लावून खाली शुभेच्छुक म्हणून स्वतःचा फोटो बहिणीपेक्षा अंमळ मोठाच छापून घेणार होता. सगळ्यांना काहीतरी मिळत होतं, कुणाचं काहीच जात नव्हतं. असा हिशेब समोर आला की माप उलटं करून बुडाला भोक आहे का बघावं, असं तिचे वडील सावळाराम म्हणायचे. पण ते भाताच्या मापाबद्दल बोलायचे, आणि त्यांना जाऊनही आता नऊ वर्षं झाली होती.

गल्लीत शिरताना आवाज आधी पायांना लागला. कानांना तो नंतर कळायचा, किंवा कळायचाच नाही. घराच्या मागच्या अंगणात सावळारामांनी एका अन्सारी शेठला चार लूम, म्हणजे यंत्रमाग, टाकायला जागा दिली तेव्हा चंद्रा सात वर्षांची होती. चाराचे आठ झाले, पत्र्याची शेड वाढत वाढत विहिरीपर्यंत गेली, शेजारच्या घरांनीही तेच केलं. तिच्या आठवणीत लूम सुरू होण्याआधीचं बालपण अंजूरच्या खाडीवरच्या उन्हासारखं पांढरं आणि बिनआवाजी होतं, आणि नंतरचं सगळं हलत होतं. पेल्यातलं पाणी बारीक शहारत राही. देवातल्या समईची ज्योत सारखी होकार देत असे. कापसाची भुकटी लोणच्याच्या बरणीच्या दट्ट्यावर, वहीच्या पानांत, आईच्या भुवयांवर बसे, आणि आई तिशीतच म्हातारी दिसे, मग आंघोळ करून पुन्हा तरुण होऊन येई. त्या आवाजात कुणी बोलत नसे. बोलायचं ते हातांनी. अंगठा तर्जनीवर चोळला म्हणजे सूत. तळवा पालथा केला म्हणजे वेगळं, नेहमीचं नाही. दोन बोटांनी मनगटातून झटका दिला म्हणजे चालव, चालेल, पुढे जा. बोट ओठाला लावून समोरच्याकडे वळवलं म्हणजे त्याला विचार. कामगार लूमवर हे हातवारे करत, आणि तेच हातवारे गल्लीतल्या बायका मासळी घेताना करत. चंद्राला मराठीआधी हीच भाषा आली असं सावळाराम थट्टेने सांगत. ते काही खोटं नव्हतं.

आई घरात होती. गुणाबाई ओटीवर पाय लांब करून बसली होती आणि लेकीकडे बघून हसली, पण बोलली नाही. आई बोलत नाही, हे आता वर्षभर चाललं होतं. रघूने पहिल्यांदा फोनवर सांगितलं होतं, “ताय, आय नुसती बसून हाय. हाक मारली तर बघतं, पन बोलत न्हाय.” रघूचं गावाबाहेर पूर्ण्याला, गोदामांच्या वस्तीत, ट्रान्सपोर्टचं ऑफिस, तो सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. चंद्रा महिन्यातून एका रविवारी यायची, सकाळी दहाला, आणि जेवायच्या आधीच निघायची. दोघांनी मिळून निष्कर्ष काढला. वडील जाऊन इतकी वर्षं एकटी, घरात सून नाही, नातवंड नाही, म्हातारपणात मन बसलं. चंद्राने ओळखीच्या डॉक्टरकडून गोळ्या लिहून आणल्या. छोट्या, पांढऱ्या, रोज एक. त्या गोळीने मेंदूत सेरोटोनिन जास्त वेळ टिकतं हे तिच्याइतकं भिवंडीत कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तरी गोळी लागू पडत नव्हती. ह्या विनोदावर ती एकटीच कधीकधी बसमध्ये हसायची.

अठरा वर्षं ती ह्याच एका गोष्टीपाशी बसून होती. एक पेशी दुसरीला निरोप धाडते, तो निरोप म्हणजे सेरोटोनिन. आणि तो ऐकायला दुसऱ्या पेशीच्या पापुद्र्यात जे बसलेलं असतं, तो रिसेप्टर. संस्थेत नवीन आलेल्यांना ती सांगायची, की हा एक धागा आहे, पापुद्र्यातून सात वेळा आतबाहेर ओवलेला, आणि ते सांगताना तिचा हात आपोआप धोट्यासारखा डावीउजवीकडे जायचा. पहिली दहा वर्षं तो धागा वाचण्यात गेली. त्याची चिठ्ठी जनुकातून उतरवून घ्यायची, ज्या पेशींना सेरोटोनिन म्हणजे काय हे माहीतच नाही अशा पेशींत ती घालायची, आणि त्या ऐकू लागतात का बघायचं. ऐकलं की पेशी हिरवी उजळते, तसा रंग आधी तिच्यात भरून ठेवलेला असतो. काळ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं, थेंब सोडायचा, आणि अंधारात एकामागून एक दिवे लागायचे. त्या काळ्या खोलीतल्या दुपारी तिला आयुष्यातल्या सगळ्यात सुखाच्या वाटत. लग्न राहून गेलं ते त्या खोलीमुळेच, असं नातेवाईक म्हणत. चंद्राला वाटे, राहून गेलं नाही, ते बाहेर थांबलं आणि कंटाळून परत गेलं. मग एका घराण्यातल्या तीन माणसांच्या रक्तात ह्या धाग्यातला एकच मणी बदललेला सापडला. तो बदललेला रिसेप्टर रुचिकाने पेशींत घातला, थेंब सोडला, आणि काहीच उजळलं नाही. तीन वर्षं, दर वेळी, अंधार. प्रयोगशाळेत त्याचं नाव पडलं बहिरा. अकरा पानांचा निबंध ह्या बहिऱ्यावर होता. पहिलं नाव रुचिकाचं, कारण हातांनी काम केलं तिने. शेवटचं चंद्राचं, कारण प्रयोगशाळा तिची. त्या धंद्यातली रीतच तशी.

ह्या खेपेला ती रविवारऐवजी शनिवारी आली आणि जेवायला थांबली, कारण रघूला उशीर होणार होता आणि तिला पानं वाचायला ओटीवरचा उजेड आवडला. भात कालवला होता, पहिला घास तोंडात होता, आणि जग थांबलं. तिला वाटलं आपलंच काहीतरी थांबलं, कानातलं किंवा छातीतलं. पेल्यातल्या पाण्यावरचा शहारा विरला आणि पाणी आरशासारखं झालं. ज्योत सरळ उभी राहिली. दोन वाजले होते, भारनियमन. शेडच्या दारातून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात कापसाची भुकटी, जी इतका वेळ घुसळत होती, ती आता सावकाश, अगदी सावकाश खाली येऊ लागली, जणू कुणीतरी पाण्यात तुरटी फिरवलीय आणि गाळ बसेपर्यंत वाट बघायची आहे. गल्लीत कुठेतरी कुणी खोकलं आणि ते खोकणं तिला ओळखता आलं.

“कोलंबीत मीठ कमी हाय न्हाय गो?” गुणाबाई म्हणाली. “खा, खा. मना कळलं टाकताना. पन लाईट जायाची व्हती, घाई केली.”

चंद्राचा घास तसाच राहिला. आईचा आवाज वर्षभराने ऐकताना तो आधी अंजूरच्या खाडीच्या बाजूने आल्यासारखा वाटला, लांबून, ओला.

“आये, तू बोलतेस.”

“मग काय करू, भुंकू?” गुणाबाईने ताटात आणखी एक कोलंबी वाढली. “दोन ते चार सगली गल्ली बोलतं. समोरची तुळजा आता यील बघ, सुनेचं गाऱ्हाणं घेऊन. काल अर्ध्यात लाईट आली, तिचं राहिलं. सून बी शानी हाय, चारला पाच कमी असताना उत्तर द्याया तोंड उघडतं.”

आणि खरंच तुळजा आली, पायरीवर टेकली, आणि कालचं भांडण जिथे तुटलं होतं तिथून पुढे सुरू झालं. चंद्रा ऐकत होती. गल्लीने गेल्या वर्षात, तिला नकळत, एक रीत पाडली होती. लग्नाच्या बैठका दोन ते चारमध्ये, माफ्या दोन ते चारमध्ये. अन्सारी शेठने मागच्या महिन्यात शेड वाढवायचं विचारलं तेही दोन ते चारमध्ये, आणि गुणाबाईने नाही म्हटलं तेही. बाकी बावीस तास कुणी घसा कशाला फोडायचा? आणि आपण, रघू आणि मी, आपण नेमके त्या बावीस तासांत तिला विचारत राहिलो, हाका मारत राहिलो, आणि ती ऐकत नाही असं लिहून घेतलं.

“आणि गोळ्या गो, आये?”

“त्या डब्यात हायेत. झोप येतं त्यांनी. तू आनलंस म्हनून टाकल्या न्हाय.”

तुळजा हसली. चंद्राही हसली असती, पण तिच्या आत काहीतरी हळूहळू खाली येत होतं, भुकटीसारखं, आणि ते कुठे बसणार हे तिला बसायच्या आधीच दिसलं. आवाज सतत चालू असेल तर कान तो सोडून देतात. बहिरे नसतात ते. ऐकून ऐकून आत जाऊन बसलेले असतात. रिसेप्टरही तेच करतो, हे ती दर वर्षी फळ्यावर शिकवत होती. सेरोटोनिन सारखं लागत राहिलं की तो पापुद्र्यावरून आत ओढला जातो, मग थेंब टाका नाहीतर घागर ओता. पेशी वाढवायला जो सीरम लागतो तो म्हणजे गोठलेल्या रक्तावर राहिलेलं पाणी, आणि रक्त गोठताना त्यात सेरोटोनिन उतरतं. म्हणून ह्या कामाला साधा सीरम चालत नाही. धुतलेला, गाळलेला लागतो. हेही ती शिकवत होती. दोन हजार तीनच्या पावसाळ्यात धुतलेल्या सीरमच्या बाटल्या विमानतळावर कस्टममध्ये अडकल्या, आणि त्यांच्या जागी साध्या सीरमच्या आल्या.

त्या दिवसाचा वास आला, स्पिरिटचा आणि ओल्या छत्र्यांचा. हवा गाळणाऱ्या कपाटाचा पंखा घोंघावत होता, त्याच्यापुढे बसलं की शेजारचं बोलणं ऐकू येत नसे. केसरीनाथ बाटल्या घेऊन दारात उभा होता. प्रयोगशाळेचा जुना तंत्रज्ञ, पूर्ण्याचा, पोरवयात आठ वर्षं लूमवर काढलेला. संस्थेत एवढे डॉक्टर, पण त्या पंख्याच्या आवाजात चंद्राशी बोलू शकणारा तो एकटाच होता, आणि ह्याचा दोघांनाही गुप्त अभिमान होता. त्याने बाटली वर धरली. अंगठा तर्जनीवर चोळला. तळवा पालथा केला. वेगळं सूत. तिने बघितलं होतं. तिला कळलंही होतं. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. लूमवर हे दिवसाला दहा वेळा घडतं, सूत थोडं वेगळं आलं तर विणत आलेला कापडाचा तागा थांबवत नाहीत. तिने दोन बोटांनी मनगटातून झटका दिला. चालेल. तेव्हा ती काय करत होती तेही तिला आठवलं. दिल्लीच्या बैठकीला नेसायच्या साडीचा विचार करत होती. बाटल्या फ्रिजात गेल्या आणि नंतर नेहमीच्या झाल्या, कारण त्यांवर पेशी छान वाढत. बहिऱ्याचे सगळे प्रयोग त्या सीरमवरचे. चांगल्या रिसेप्टरचे, ज्यांच्याशी तुलना करून तो बहिरा ठरला, ते त्याच्या आधीचे.

रुचिकाने विचारलं होतं. हे आठवणं सगळ्यात वाईट होतं, म्हणून ते शेवटी आलं. कल्याणच्या शाळेतल्या क्लार्कची मुलगी, बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळणारी. “मॅडम, चांगला रिसेप्टर पण पुन्हा सोबत लावू का? एकाच दिवशी, एकाच पेशींत?” आणि चंद्राने, जी एकेक नळी मोजून वापरायची आणि त्याचा टेंभा मिरवायची, म्हटलं होतं, “मी तो अकरा वेळा केलाय, रुचिका. बाराव्यांदा तो काय वेगळं सांगणार? तुझा वेळ वाचव.” मुलीने ओढणीचं टोक सोडलं होतं आणि वेळ वाचवला होता. तीन वर्षं.

“तोंड कशाला उतरलं?” गुणाबाईने विचारलं. तुळजा उठून गेली होती. ऊन पायरीवरून खाली सरकलं होतं. तीन वाजून गेले असावेत.

आणि चंद्राने सांगितलं. आईला तिने आपलं काम कधी सांगितलं नव्हतं. आवाज असायचा, आणि आवाज नसता तरी सांगितलं नसतं. आता ती ताट उचलायचं विसरून सांगत राहिली, आणि नवल म्हणजे ते सांगायला सोपं होतं. पेशी, निरोप, वेगळं सूत, ताग्याचा तागा चुकला. गुणाबाईने मधे एकदाच विचारलं, “नक्की चुकला, का तुला वाटतं?”

“नक्की कळायला आठ दिवस लागतील. निबंध सोमवारी द्यायचा आहे.”

“दिला तर?”

“दिला तर कुणाला कळणार नाही. चारपाच वर्षं तरी. माझं होऊन जाईल. पोरीचंही.” तिने हे बोलून बघितलं, जीभ फिरवून चव बघतात तसं. कोलंबीसारखंच, मीठ कमी होतं. काळ्या खोलीतला तो तीन वर्षांचा अंधार तिला आठवला. त्या अंधारात पेशी खोटं बोलत नव्हत्या. त्या बिचाऱ्या दमल्या होत्या, आणि तिने त्यांना बहिरं म्हणून जगभर छापायला दिलं होतं. ज्या एका खोलीसाठी बाकी सगळं बाहेर थांबवून ठेवलं, तीच खोली खोटी निघाली तर मग अठरा वर्षांचं काय करायचं? नाही, देता येणार नाही. हा विचार तिला अचानक इतका हलका वाटला की ती जवळजवळ आनंदी झाली. आपण प्रामाणिक आहोत हे कळण्याचा आनंद. माणसाला तो फार वेळा मिळत नाही, म्हणून मिळाला की तो तपासूनही बघत नाही.

“मागे घेते,” ती म्हणाली. “आत्ताच. लाईट आली की तीनबत्ती नाक्यावरच्या इंटरनेट कॅफेत जाऊन लिहून टाकते. उद्यावर गेलं तर माझा धीर सुटेल.”

गुणाबाईने लेकीकडे बघितलं. “ती पोर,” ती म्हणाली, “जिचं तू सांगतंस. तिचं बी हाय न्हाय त्यात? तिला—”

चार वाजले. लूम एकदम सुरू होत नाहीत. आधी एक खोकतो, मग दुसरा, आणि मग सगळा वाडा दात खाऊ लागतो. पेल्यातलं पाणी शहारलं. भुकटी जमिनीपर्यंत पोचली नव्हती ती पुन्हा वर उठली. गुणाबाईचे ओठ हलत होते. मग तिने बोलणं सोडलं आणि हात उचलला. बोट ओठाला लावलं आणि लेकीच्या पिशवीकडे, पिशवीतल्या मोबाइलकडे वळवलं. विचार. आधी विचार तिला. चंद्राने बघितलं. उंबऱ्यात उभी राहून चपलेत पाय सरकवताना तिने दोन बोटांनी मनगटातून झटका दिला.

कॅफेत तीन पोरं गाड्यांचा खेळ खेळत होती आणि पडद्यावर धूळ होती. तिने पत्र चांगलं लिहिलं. तिला लिहायला येत असे. सीरम बदलल्याचं, तुलना वेगवेगळ्या काळातली असल्याचं, निष्कर्षावर भरवसा उरला नसल्याचं. निबंध हस्तलिखित रूपात त्यांच्या संकेतस्थळावर महिन्यापूर्वीच चढला होता, म्हणून मागे घेतल्याची जाहीर सूचनाही तिथेच लागेल, हे तिला माहीत होतं. निबंधाचं शीर्षक तिने तसंच उतरवलं, आणि त्याखाली नावं, निबंधात होती त्याच क्रमाने. आधी रुचिका. शेवटी ती. मग बटण दाबलं आणि बाहेर येऊन रसवंतीवर उसाचा रस प्यायली. लहानपणी परीक्षा संपल्यावर पीत असे, तसा.

आठ दिवसांनी काळ्या खोलीत चंद्रा आणि रुचिका बसल्या होत्या. धुतलेल्या सीरमवर वाढवलेल्या पेशी, एका बाजूला चांगला रिसेप्टर, दुसऱ्या बाजूला बहिरा, एकाच दिवशी. केसरीनाथने थेंब सोडला. दोन्ही बाजू उजळल्या. एकामागून एक दिवे लागत गेले, दिवाळीत गल्लीत लागायचे तसे, आणि चंद्राला शेजारच्या पडद्यावर ते इतकं सुंदर दिसलं की हे दिवे आपलीच चूक दाखवताहेत हे ती क्षणभर विसरली. रुचिकाने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही. तशीच बसून ती म्हणाली, “मॅडम, आठ दिवस थांबता आलं असतं. सोमवारी एवढंच कळवायचं होतं की थोडा उशीर होईल. ते देतात उशीर. मग हाच प्रयोग घालून मीच मागे घेतलं असतं. माझ्या शब्दांत.” अंधारात तिचा आवाज कुठून येतो ते कळत नव्हतं. “मला विचारायचं तरी होतं.” उशीर मागता येतो हे चंद्राला ठाऊक होतं. त्या दुपारी तिला तो मागायचाच नव्हता. तिला त्या हलकेपणाची घाई झाली होती.

गुरुवारच्या समितीने तिला त्या वर्षी वगळलं, पण नापसंतीने नव्हे. डायरेक्टरांनी खोलीत बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, अशी माणसं संस्थेची खरी ठेव असतात. पुढल्या वर्षीच्या शेऱ्यात ‘वैज्ञानिक सचोटीचं दुर्मिळ उदाहरण’ असं एक वाक्य आलं, आणि त्या एका वाक्याने अकरा पानांचं काम केलं. समुद्राकडची खोली मिळाली. दुपारी तिथे इतकी शांतता असते की चंद्राला कधीकधी प्रयोगशाळेत जाऊन कपाटाचा पंखा उगाच चालू करून बसावंसं वाटतं. आईला तिने क्वार्टरमध्ये राहायला आणलं होतं, महिनाभर. गुणाबाई तिथे एक शब्द बोलली नाही. परत गल्लीत गेल्यावर दुसऱ्या दिवशी दोन वाजता फोन करून म्हणाली, “तिथं सुरू कवा करायचं तेच कळत न्हाय गो.”

बॅनर लागला दोन हजार आठच्या मे महिन्यात. रघूने शब्द पाळला. त्याचा फोटो मोठा होता. सत्काराला गल्ली आली, अन्सारी शेठने शाल आणली, आणि सगळं अर्थातच दोन ते चारमध्ये. रुचिका येईल असं चंद्राला वाटलं नव्हतं. ती आली, पूर्ण्याहून, ड्युटीवरूनच, गळ्यात ओळखपत्र. परदेशातल्या प्रयोगशाळेने सूचना लागल्यावर पंधरा दिवसांत दुसरा उमेदवार घेतला होता. प्रबंधाला आणखी दोन वर्षं लागणार होती आणि शिष्यवृत्ती संपली होती. आता ती पूर्ण्याच्या एका थंड गोदामात औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं तपासते. बारा अंशांच्या खाली, स्वेटर घालून. हे काम तिला रघूनेच बघून दिलं, आणि आपण बहिणीच्या विद्यार्थिनीचं भलं केलं असं तो सगळ्यांना सांगतो. “बरं चाललंय,” ती म्हणाली, चंद्राच्या पायांना हात लावला, पेढा घेतला. केसरीनाथही आला होता. बाटल्या बदलल्याची नोंद वहीत न केल्याबद्दल त्याला निवृत्तीआधी चार महिने मेमो मिळाला होता, त्याचं तो थट्टेने बोलला. वहीत हाताच्या खुणा कशा लिहायच्या ते कुणी शिकवलं नाही, म्हणाला.

मग चार वाजले. रुचिका पायरीवर चप्पल घालत होती, वळली, काहीतरी बोलली. ओठ हलताना दिसले, शब्द लूमने खाल्ले. चंद्राने हसून मान हलवली, न ऐकताही माणूस हलवतो तशी. रुचिका बॅनरखालून रिक्षाकडे गेली. तिच्या खांद्यावर बसलेली कापसाची भुकटी कोपऱ्यापर्यंत दिसत होती.

चाळीस वर्षं त्या आवाजात काढलेल्या गुणाबाईला ओठ वाचता येतात. चंद्राने तिच्याकडे बघून भुवया उचलल्या: काय म्हणाली? म्हातारीने सांगितलं नाही, नुसता हात हलवला. दोन वाजू देत. पण आजचे दोन वाजून गेले होते, म्हणून चंद्रा त्या दिवशी राहिली आणि दुसऱ्या दिवशीही राहिली, पंख्याखाली, हार सुकत ठेवून, समुद्राकडची खोली रिकामी ठेवून. ती लहानपणासारखी समईच्या ज्योतीकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी दोन वाजता पाणी स्थिर झालं आणि गुणाबाईने ताट पुढे सारून सांगितलं.

“ती बोलली, मॅडम, नवीन ठिकानी अर्ज करते तवा लोक कंप्युटरवर माझं नाव टाकून बघतात. तर पयलं तेच येतं. मागे घेतलं, आनि त्याखाली माझं नाव. तुमचं शेवटी येतं, तिथपर्यंत कोन वाचत न्हाय.”

चंद्राने हातातला घास खाली ठेवला. तिला पत्र लिहितानाचा तो धुळकट पडदा आठवला, आणि आपण नावं किती नीट, एकही अक्षर न चुकवता, उतरवली होती ते. मग तिने एकेक जमेस धरत बघितलं. पेशी खऱ्या ठरल्या. तिला पाटी मिळाली, खोली मिळाली, शाल मिळाली, सचोटी मिळाली. रघूला बॅनर मिळाला. केसरीनाथच्या वाट्याला एक कागद आला. आई आपले दोन तास राखून होती. चूक चंद्राची होती आणि कबुलीही चंद्राची होती, त्याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती. फक्त दोन्हींचं मोल भरलं ते जिचं नाव पहिलं होतं तिने, आणि अजून भरत होती, पूर्ण्याच्या गोदामात, स्वेटर घालून, एकेक बाटली उजेडाकडे धरून.